केस आज गळतात, पण कारण तीन महिने आधीचं असतं

पावसाळ्यात डेंग्यू होऊन जातो. माणूस सलाईन घेतो, पंधरा-वीस दिवसांत बरा होतो, शेताच्या कामाला लागतो. दिवाळी उलटते आणि मग एक दिवस फणीत केसांचा पुंजका येतो. उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस, भाकरीच्या पिठातसुद्धा केस. घरात लगेच चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं शाम्पू बदलला म्हणून, कुणी म्हणतं बोअरच्या पाण्यानं, तर कुणाला नजर लागल्यासारखं वाटतं. सप्टेंबरातला ताप मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही.

खरं कारण बहुतेक वेळा तोच असतो. केस गळायला लागले की आपण डोक्यावर काय लावलं ते आठवतो. आठवायचं असतं ते दोन-तीन महिन्यांपूर्वी शरीराला काय झालं होतं ते.

केसाचं वेळापत्रक

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपापल्या वेळेनं वाढतो. एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग वाढ थांबते, केस दोन-तीन महिने नुसता मुळात अडकून राहतो, आणि त्याच जागी खालून नवा केस आला की जुना गळून पडतो. निरोगी माणसाचे रोज ५० ते १०० केस असेच जातात. ते पानगळीसारखं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मोठा ताप, टायफॉईड, ऑपरेशन, अपघात, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, घरातला मोठा धक्का, असं काही झालं की शरीर आधी जीव वाचवायच्या कामाला लागतं. केस वाढवणं हे त्याच्या दृष्टीनं शेवटचं काम. मग एरवी वर्षानुवर्षं वाढत राहिले असते असे हजारो केस एकदम थांबतात. पण ते त्याच दिवशी पडत नाहीत, दोन-तीन महिने डोक्यावरच बसून राहतात आणि मग सगळे मिळून गळतात. म्हणून ताप आणि केसगळती यांची सांगड घरात कुणाला घालता येत नाही.

बाळंतिणीचंही असंच. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे केस कमी गळतात, दाट दिसतात. बाळंतपणानंतर ते थांबवून ठेवलेले केस एकदम जातात. बाळ मान धरायला लागतं त्या सुमारास आईच्या हातात झुपके यायला लागतात. अंगावर पाजल्यामुळे केस गळतात असा समज आहे आणि त्यापायी काही जणी बाळाचं दूध तोडतात. हे अजिबात करू नये. दूध पाजण्याचा त्याच्याशी संबंध नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक जणींचे केस पूर्ववत होतात.

गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो. तो बघून लोक म्हणतात, "मुळासकट आला, आता तिथं काही उगवणार नाही." तसं नसतं. तो ठिपका म्हणजे केसाचं टोक आहे. मूळ डोक्याच्या कातडीतच राहतं आणि त्यातून पुन्हा केस येतो.

ताप किंवा बाळंतपणानंतरची ही गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. आणि इथंच गोम आहे. गळती सुरू झाल्यावर माणूस दोन महिने वाट बघतो, मग घाबरून बाजारातून किंवा मोबाईलवर जाहिरात बघून हजार-दोन हजाराचं तेल मागवतो. तोवर गळती थांबायची वेळ आलेलीच असते. ती थांबते, आणि नाव तेलाचं होतं. मग तो माणूस शेजाऱ्याला सांगतो, शेजारी ग्रुपवर टाकतो. तेल काहीच करत नाही, तरी त्याची कीर्ती अशी खऱ्या अनुभवावर वाढत जाते.

गळती थांबतच नसेल तर

सहा महिने झाले तरी केस जातच आहेत, भांग रुंद होत चाललाय, वेणी बोटाएवढी झालीय, तर कारण संपलेलं नाही, ते शरीरात चालूच आहे. खेड्यातल्या बायांमध्ये याचं एक मोठं कारण म्हणजे अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. दर दोघींतली एक. आणि त्यातल्या कितीतरी जणी केसांसाठी तेल विकत घेत असतील, हिमोग्लोबिन मात्र तपासत नसतील.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. पायऱ्या चढताना दम लागतो, हंडा उचलला की छाती धडधडते, डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत फिकट दिसते, नखं ठिसूळ होतात. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही सगळी लोहाच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात, आणि केस गळणं त्याच रांगेत बसतं.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. लोहाच्या गोळ्याही तिथं मिळतात. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी आणि गरोदर बाईला रोज एक लाल गोळी देतात ती हीच. बाळंतपणानंतरही ती १८० दिवस घ्यायची असते. बाळ झालं की डबा कपाटात जातो, आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत जास्त गरजेची असते.

गोळी घेतल्यावर शौचाला काळी होते, कधी मळमळतं, पोट बांधतं. त्याला घाबरून बऱ्याच जणी दोन दिवसांत गोळी सोडतात. काळी शौच हा धोका नाही, गोळीतल्या लोहाचा तो रंग आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. पण चहाबरोबर घेऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही, म्हणून गोळी आणि चहा यात किमान तासाभराचं अंतर हवं. हाच नियम जेवणाला. जेवल्या जेवल्या कपभर चहा घ्यायची सवय मोडली तरी पालेभाजीतलं लोह थोडं जास्त लागू होतं. लिंबू, आवळा, पेरू जेवणाबरोबर घेतला तर उलट फायदा होतो. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, एक सकाळी आणि एक रात्री घ्यावी.

आहारात अळीव, राजगिरा, शेवग्याचा पाला, बाजरी, तीळ, मोड आलेली मटकी हे चांगलंच. अळिवाचे लाडू बाळंतिणीला द्यायची रीत उगीच पडलेली नाही. लोखंडी कढईत भाजी केली तरी लोह मिळतं. पण हिमोग्लोबिन आठवर आलेलं असेल तर गूळ-शेंगदाण्यावर ते भरून निघत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शन लागतं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तो आधी थांबवावा लागतो, नाहीतर वरून कितीही ओता, खालून वाहून जातं.

केस हा प्रथिनांचा बनलेला असतो. भाकरी, ठेचा आणि पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या केसांना पुरेसा माल मिळत नाही. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यापैकी काहीतरी रोज ताटात हवं, आणि घरातल्या बाईच्याही ताटात हवं. सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईला उसळीचं नुसतं पाणी उरतं, हेही केस गळण्याचं एक कारण आहे, कुठल्याही जाहिरातीत न दिसणारं.

लोहाशिवाय थायरॉईडचा विचार करावा. वजन वाढणं, थंडी सोसत नाही, सुस्ती, पाळी बिघडणं आणि सोबत केसगळती, असं असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी. मुलींना चेहऱ्यावर केस आणि पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल तर डॉक्टर पीसीओडीची तपासणी करतात.

शेगाव तालुक्यात काय घडलं होतं

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, तीन-चार दिवसांत टक्कल. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. तो भाग खारपाण पट्ट्यातला असल्यानं पाण्यावर संशय जाणं साहजिकच होतं. बुरशीचीही चर्चा झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची पथकं गावात आली, रक्ताचे, पाण्याचे, केसांचे नमुने गेले.

पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून सांगितलं की बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप वाढलेलं आहे आणि ते रेशनच्या गव्हातून आलं आहे. त्याच लोकांमध्ये जस्त म्हणजे झिंक कमी असल्याचंही त्यांनी मांडलं. सेलेनियम हे शरीराला लागतं, पण फार थोडं, दिवसाला काही मायक्रोग्रॅम. जास्त झालं की केस आणि नखं दोन्हींवर परिणाम होतो. नंतर एप्रिलमध्ये याच भागातून नखं गळण्याच्या तक्रारीही आल्या.

हे प्रकरण इथं सांगायचं कारण वेगळं आहे. शाम्पूच्या बाटल्या फेकून त्या गावांतली गळती थांबली नसती. आणि दुसरं, एका घरात नव्हे तर एका गल्लीत, गावात अनेकांचे केस एकाच वेळी जायला लागले तर तो घरगुती उपायाचा विषय राहत नाही. आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला त्याच दिवशी सांगावं. घरातलं धान्य, पाणी टाकून देऊ नये, त्याचा नमुना लागतो.

याच संदर्भात मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या केसांच्या व्हिटॅमिन गोळ्यांचं बघा. बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए असतं. ही दोन्ही जास्त झाली तर केस वाढत नाहीत, गळतात. बायोटिनची कमतरता फार कमी लोकांना असते, तरी त्याची विक्री जोरात आहे. बायोटिनच्या मोठ्या डोसनं थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

गळणं वेगळं, तुटणं वेगळं

केस हातात घेऊन बघा. टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून सुटलेला. ठिपका नसेल, केस आखूड असेल, टोक फाटलेलं असेल तर तो मधूनच तुटलेला. तुटण्याचं कारण मात्र बाहेरचं असतं आणि तिथं तेल, पाणी, फणी यांचा खरोखर संबंध येतो.

बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण लावला तर फेस होत नाही, चिकट थर केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. जड पाण्यानं मुळातून केस गळत नाहीत, पण तुटतात. म्हणून डोक्याला साबण नको. साधा शाम्पू पाण्यात मिसळून किंवा शिकेकाई चालते. शेवटचा तांब्या पावसाच्या साठवलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो.

खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जाऊ देतं. सूर्यफुलाचं तेल किंवा बाटलीतलं पातळ खनिज तेल तसं मुरत नाही. म्हणजे आजीचं खोबरेल बरोबरच होतं. फक्त ते केस तुटू देत नाही एवढंच त्याचं काम आहे, टकलावर केस उगवणं त्याच्या हातात नाही. न्हाण्याआधी तासभर लावलं तरी पुरतं. डोक्यात कोंडा असेल तर मात्र रात्रभर तेल थापून ठेवू नये. कोंड्यामागं जी बुरशी असते ती तेलावरच पोसते. कोंड्याला किटोकोनाझोलचा २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात फरक नाही.

ओले केस विंचरू नयेत, टॉवेलनं झटकू नयेत. कपाशी वेचायला, निंदायला उन्हात जाताना डोक्यावर रुमाल किंवा पदर असावा. मुलींच्या वेण्या शाळेसाठी इतक्या घट्ट घालतात की कपाळ ओढलं जातं. वर्षानुवर्षं असं केलं तर कपाळाजवळचे केस कायमचे विरळ होतात.

लग्नसराईत तालुक्याच्या पार्लरमध्ये केस सरळ करण्याचं काम जोरात असतं. त्यातल्या काही द्रावणांतून गरम मशीन लावल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला तर समजा तेच आहे. गरोदर बाईनं हे टाळावं.

काळ्या मेंदीचंही तसंच. मेंदीच्या पाल्याचा रंग लालसर तांबडाच येतो. दहा मिनिटांत काळं करणाऱ्या पाकिटात पीपीडी नावाचं रसायन असण्याची शक्यता जास्त. काहींना त्यानं डोकं, पापण्या, चेहरा सुजतो, पाणी भरलेले फोड येतात. कानामागं थोडं लावून दोन दिवस बघावं, खाज-लाली आली तर ते पाकीट वापरू नये. आणि ते पाकीट घरात पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. पोटात गेलं तर गळा सुजून श्वास बंद होतो, मूत्रपिंड निकामी होतं. असं झालं तर घरी ताक-मीठ पाजत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं.

चाई, गजकर्ण आणि उवा

गोल रुपयाएवढी गुळगुळीत चकचकीत जागा, खाज नाही, कोंडा नाही, ती चाई. ती कीड नाही, लागट नाही. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर उलटते म्हणून ती होते. लहान डाग बरेचदा वर्षभरात भरून येतो. त्यावर बिब्बा, चुना किंवा लसूण घासून कातडी जाळून घेणारे अजूनही आहेत. कातडी जळून व्रण पडला तर तिथं कधीच केस येत नाहीत, म्हणजे बरा होणारा डाग कायमचा होतो.

डागात खाज असेल, पापुद्रे असतील, केस मुळाशी तुटलेले काळे ठिपके दिसत असतील आणि तेही लहान मुलात, तर ते डोक्याचं गजकर्ण. ते लागट असतं. मलमानं ते बरं होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलवरून आणलेलं तीन औषधं एकत्र असलेलं मलम त्यात स्टेरॉईड असल्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि मग पसरतं.

उवांसाठी केरोसीन लावलेल्या डोक्यानं पोरी चुलीजवळ जातात आणि भाजतात. शेतातलं कीटकनाशक लावणं तर त्याहून वाईट, ते डोक्याच्या कातडीतून रक्तात जातं आणि मूल दगावू शकतं. पर्मेथ्रिनचं १ टक्का लोशन मेडिकलवर मिळतं. ते लावून, बारीक दातांच्या फणीनं लिखा काढून, सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी तपासावं.

पोरांच्या टकलाचा धंदा

पंचविशीतल्या पोराचं कपाळ मागं सरकायला लागलं की घरात लग्नाची काळजी सुरू होते. हे टक्कल बहुतेक वेळा वंशाकडून येतं, वडिलांकडून किंवा आईकडून. याला हेल्मेट कारण नाही. त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिल देतात. ते चार ते सहा महिने रोज लावावं लागतं. सुरुवातीला उलट थोडे केस गळतात, आणि सोडलं की परत जातात. म्हणजे आयुष्यभराचं काम आहे, हे सुरू करतानाच माहीत असावं. गरोदर आणि पाजणाऱ्या बायांनी ते लावू नये. लवकर सुरू केलं तर उरलेले केस टिकतात, पूर्ण चकचकीत झालेल्या जागेवर त्याचा उपयोग फारसा नाही.

टक्कल घालवायची शिबिरं हा नवा प्रकार आहे. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला अशाच एका शिबिरात डोक्याला तेल लावल्यावर साठहून अधिक लोकांच्या डोळ्यांना जळजळ आणि सूज होऊन त्यांना रुग्णालयात जावं लागलं. केसांसाठी गेले आणि डोळे घेऊन बसले. आपल्याकडच्या आठवडी बाजारातही माईक लावून तेल विकणारे येतात. बाटलीवर काय आहे, बनवणारा कुठला, लायसन्स क्रमांक आहे का, एवढं विचारलं तरी अर्धी गर्दी पांगेल.

डॉक्टरांकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञ दर तालुक्यात नाही. पण आधी पीएचसीतल्या डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन करून घेता येतं, आणि ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोबाईलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. फोनवर दाखवायचं तर भांगाचा आणि डागाचा फोटो दिवसाच्या उजेडात आधीच काढून ठेवावा, तेल न लावता.

सोबत एका कागदावर लिहून न्यावं: गळती कधी सुरू झाली, त्याच्या आधीच्या चार महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन, गर्भपात काही झालं का, पाळी किती दिवस जाते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, डोक्याला काय काय लावून झालं. बीपीच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं यांनीही केस जातात, पण ती स्वतःच्या मनानं बंद करायची नसतात. तेलाच्या, पावडरीच्या बाटल्या पिशवीत टाकून नेल्या तरी चालेल. डॉक्टर रागावले तर रागावतील, पण त्यावर काय लिहिलंय ते वाचून त्यांना बरंच कळतं.